जुन्या फियाटमध्ये बसवलेला रिळाचा सीट बेल्ट वारंवार अडकतो : कारणे आणि उपाय

प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट ११०० किंवा अँबेसडर यांसारख्या गाडीत आपोआप गुंडाळला जाणारा सीट बेल्ट बसवला, की थोड्याच दिवसांत बहुतेक मालकांची तीच तक्रार सुरू होते. पट्टा ओढला तर येत नाही, आला तर पुरता परत जात नाही आणि घाट उतरताना छातीवर घट्ट धरून बसतो. मग रीळ सदोष निघाले असे समजून दुसरे आणले जाते, तेही तसेच वागते, आणि अखेरीस पट्टा सीटच्या मागे सारून गाडी पूर्वीसारखीच बिनपट्ट्याची चालवली जाते. माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक गाड्यांमध्ये रीळ निर्दोष होते. चूक होती ती रीळ कोणत्या कोनात बसवले आणि पट्टा कोणत्या वाटेने नेला यात. म्हणून दुसरे रीळ विकत घेण्यापूर्वी पुढील तपासणी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हा प्रश्न अलीकडे अधिक लोकांना भेडसावू लागला आहे. आपल्याकडे १९९४ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे सक्तीचे झाले, परंतु त्याआधी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या असंख्य गाड्यांमध्ये ते नव्हतेच. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत वाहतूक पोलिसांनी चालकासह सर्व प्रवाशांना पट्टा लावणे बंधनकारक केल्यानंतर अनेकांनी आपल्या जुन्या गाड्यांत पट्टे बसवून घेतले. दंडाच्या भीतीने का होईना, हे घडले ते चांगलेच झाले. मात्र घाईने बसवलेला पट्टा ऐन वेळी धरेलच, याची खात्री तपासल्याशिवाय देता येत नाही.

रीळ नेमके कशाने अडते

व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली तीन बिंदूंवर धरणारा पट्टा प्रत्यक्षात आणला, तेव्हा तो लांबी हाताने कमी-जास्त करण्याचा, म्हणजे स्थिर प्रकारचा होता. रिळाच्या पट्ट्यात दोन गोष्टींची भर पडते : पट्टा परत ओढून घेणारी स्प्रिंग आणि गरज पडताच रीळ अडवणारी यंत्रणा. रिळाच्या एका बाजूच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. ते झाकण कधीही उघडू नये; स्प्रिंग एकदा सुटली की पूर्वीच्या ताणावर घरी बसवता येत नाही आणि ती हाताला गंभीर इजा करू शकते.

दुसऱ्या बाजूच्या झाकणाखाली अडवणारी यंत्रणा असते आणि तिचे दोन स्वतंत्र भाग असतात. पहिला भाग गाडीच्या हालचालीला प्रतिसाद देतो. एका उथळ वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते; गाडीचा वेग एकदम कमी झाला किंवा गाडी फार कलली, की गोळी वाटीच्या कडेकडे चढते, वरची पट्टी उचलते आणि त्या पट्टीचे टोक दातेरी चाकात अडकते. दुसरा भाग पट्ट्याच्या स्वतःच्या वेगाला प्रतिसाद देतो : पट्टा झटक्याने ओढला गेला, की गाडी उभी असली तरी रीळ अडते. संयुक्त राष्ट्रांच्या क्रमांक १६ च्या नियमावलीत नेहमीच्या रिळांसाठी याच्या मर्यादा दिलेल्या आहेत. गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पट दराने कमी झाला की रीळ अडले पाहिजे. ठरवून दिलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलले तर ते अडता कामा नये, आणि २७ अंशांच्या पुढे कलले तर अडलेच पाहिजे.

या आकड्यांमागचे गणित समजून घेणे फार उपयोगी आहे. गोळीला उतार आणि ब्रेक यांतला फरक कळत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे वाटीचा कल. ०.४५ पट दराचा ब्रेक तिला सुमारे २४ अंशांच्या कलासारखा वाटतो. आता रीळ मुळातच १० अंश पुढे झुकलेले बसवले आहे असे समजू. मग पुढच्या दिशेला फक्त १४ अंशांचा वाव उरतो. आठास एक अशा उताराचा रस्ता सुमारे ७ अंशांचा असतो, आणि त्यावर ०.२ पट दराचा हलकासा ब्रेक लावला तर आणखी ११ अंशांची भर पडते, एकूण १८. नीट बसवलेले रीळ अशा वेळी मोकळे राहते, पण हे झुकलेले रीळ खंबाटकी किंवा वरंधा उतरताना ब्रेकला पाय लावताच अडते.

हेच रीळ १० अंश मागे झुकलेले असेल तर तक्रार येत नाही, आणि तेच अधिक धोक्याचे आहे. पट्टा छान मोकळा येतो, घाटात अडत नाही, मालक समाधानी असतो. परंतु ब्रेक लागला असता गोळीला आता ३४ अंशांइतके चढावे लागते, म्हणजे ०.४५ ऐवजी जवळजवळ ०.६७ पट दराची गरज पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर जुनी गाडी जेमतेम तितक्या जोराने थांबते. पट्ट्याच्या झटक्याला प्रतिसाद देणारा दुसरा भाग तेव्हाही काम करतो हे खरे, पण गाडीच्या हालचालीवर चालणारा भाग निकामी झाल्यासारखाच असतो. म्हणून पट्टा अडत नाही, एवढ्यावरून तो बरोबर बसला आहे असे मानू नये.

आधी रीळ हातात घेऊन तपासावे

रीळ दोन दरवाजांमधल्या खांबावरून सोडवावे, पट्ट्याचा गुंता काढावा आणि ते उभे धरून पट्टा सावकाश ओढून पाहावा. कानाजवळ नेऊन किंचित हलवल्यास गोळीचा बारीक खळखळ आवाज आला पाहिजे. पट्टा अडेपर्यंत रीळ हळूहळू पुढे कलवावे. ज्या कोनात टक्‌ असा आवाज होऊन पट्टा अडतो, तो कोन रिळाच्या सपाट पत्र्याला मोबाईल टेकवून त्यातल्या पाणसळीच्या सोयीने मोजावा. मग मागे कलवून तेच करावे. समजा, पुढे १४ अंशांना आणि मागे ३४ अंशांना रीळ अडले, तर दोन्हींचा मध्य उभ्या रेषेपासून १० अंश मागे पडतो, म्हणजे ते रीळ १० अंश मागे कलवून बसवण्यासाठीच बनवलेले आहे. डावीकडे आणि उजवीकडे कलवूनही हीच मोजणी करावी. हे चार आकडे खडूने रिळावर लिहून ठेवले म्हणजे पुढचे काम अंदाजाने करावे लागत नाही.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून, चारही टायरांत योग्य हवा आहे हे पाहून, मधल्या खांबाजवळ ओळंबा सोडावा. गवंड्याचा साधा ओळंबा पुरतो. खांब पायथ्याशी किती पुढे-मागे झुकला आहे आणि आतल्या बाजूला किती कललेला आहे, हे दोरीपासूनच्या अंतरावरून स्पष्ट दिसते. जुन्या गाड्यांच्या खांबाचा पत्रा क्वचितच सपाट आणि उभा असतो. तो छताकडे जाताना आत झुकतो आणि तळाशी गोलाई घेतो. बोल्ट खांबातून आडवा जात असेल तर पुढे-मागेचा कल रीळ बोल्टभोवती फिरवून सुधारता येतो, पण आत-बाहेरचा कल फिरवून जात नाही. त्यासाठी ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीचा, हव्या त्या कोनात वाकवलेला ब्रॅकेट करून घ्यावा. एका बाजूला वॉशरांची चळत रचून कोन साधण्याची पद्धत सर्रास आढळते. ती सोडून द्यावी, कारण त्यामुळे बोल्टचे डोके पूर्ण टेकत नाही आणि अपघातात बोल्टवर वाकवणारा जोर येतो.

भंगारातले रीळ बहुतेकदा का जुळत नाही, तेही या मोजणीतून कळते. नव्या गाडीसाठी बनवलेल्या रिळात गोळीची वाटी त्या विशिष्ट गाडीच्या खांबाच्या कलानुसार तिरकी बसवलेली असते, आणि डावे व उजवे रीळ एकमेकांची प्रतिबिंबे असतात. ते पद्मिनीच्या खांबावर उभे लावले की वाटी तिरकी होते आणि पट्टा पहिल्या दिवसापासून अडतो. शिवाय तो पट्टा आधी एखाद्या अपघातात ताणला गेला होता की नाही हे बाहेरून सांगता येत नाही, आणि अलीकडच्या गाड्यांच्या काही रिळांत पट्टा आवळण्यासाठी स्फोटक भरलेली नळी असते, जिच्याशी खेळणे सरळसरळ धोक्याचे आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ओपेरा हाऊसच्या बाजारात सुटे भाग घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की पट्टा मात्र नवा, प्रमाणित आणि शक्यतो कोन बदलता येणाऱ्या वाटीचा घ्यावा. इतर ठिकाणी केलेली काटकसर समजण्यासारखी आहे. इथे ती करू नये.

रिळाची दिशा आणि गोळीचा कोन

कोन बरोबर करूनही तक्रार राहिली तर पट्ट्याच्या वाटेकडे पाहावे. खांबाच्या तळाशी असलेल्या रिळातून निघालेला पट्टा, तो जिच्यातून वळून अंगावर येतो त्या खांद्याजवळच्या कडीपर्यंत सरळ रेषेत गेला पाहिजे. कडी रिळाच्या अगदी वर नसेल तर पट्टा रिळाच्या एका कडेला घासतो, गुंडाळताना त्याच बाजूला साचतो आणि शेवटची वीतभर लांबी आत जातच नाही. पट्ट्याची एकच कड केसाळ झालेली दिसली तर हेच कारण समजावे. मग साहजिकच रीळ कडीच्या दिशेने वळवले जाते, पट्टा सरळ होतो, आणि त्याच क्षणी गोळीची वाटी तिरकी होते! कडीकडे तोंड करणे आणि गोळी समतल ठेवणे या दोन्ही अटी रिळाला एकाच वेळी पाळायच्या असतात. एक दोष दुरुस्त करताना दुसरा निर्माण होतो तो इथेच. वाटी वेगळी फिरवता येणारे रीळ घेतले असेल तर आधी रीळ कडीकडे वळवून पक्के करावे आणि मगच वाटी समतल करावी. हा क्रम उलटा करू नये. तसे रीळ नसेल तर कडी हलवावी लागते. ज्या जुन्या फियाटांचे पुढचे दरवाजे मागच्या कडेला बिजागरी असलेले आहेत, त्यांच्या मधल्या खांबात बिजागऱ्यांमुळे जागाच अपुरी असते आणि कडीला हवी ती जागा मिळत नाही. अशा गाडीत स्थिर पट्टा बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगाला घट्ट बसेल असा नीट आवळलेला स्थिर पट्टा वाकड्या रिळापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो.

कडीची स्वतःची तपासणीही आवश्यक आहे. ती बोल्टभोवती सैल फिरली पाहिजे, आणि त्यासाठी तिच्यासोबत खांदा असलेला बोल्ट किंवा मधली नळी व लहरी वॉशर दिलेला असतो. हे भाग हरवले म्हणून साधा बोल्ट वापरून कडी घट्ट आवळली, की पट्टा तिच्यात तिरका होऊन दुमडतो. तेव्हा पट्टा परत जात नाहीच, पण ओढतानाही तो अडखळत, झटके देत येतो, आणि त्या झटक्यांनी रिळातला दुसरा भाग चाळवून पट्टा अडतो. बाहेरून हा दोष हुबेहूब गोळीच्या दोषासारखा दिसतो. फरक ओळखण्यासाठी पट्टा कडीतून बाहेर न काढता, कडी आणि रीळ यांच्यामधल्या भागात धरून ओढावा. तिथे तो सहज येत असेल तर रीळ निर्दोष आहे आणि घर्षण कडीत आहे.

दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पट्ट्यावर बुरशी व घामाचा थर बसूनही तो जड चालतो. पट्टा पूर्ण बाहेर काढून, परत जाऊ नये म्हणून चिमटा लावून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसून घ्यावा व सावलीत पूर्ण वाळू द्यावा. ब्लीच, रंग, तेल यांपैकी काहीही पट्ट्याला लावू नये. त्यांनी धाग्यांची ताकद कमी होऊ शकते. गाडीच्या आतल्या रंगाशी जुळावा म्हणून पट्टा रंगवून घेण्याचा मोहही टाळावा.

एक दोष फक्त पाना चालवतानाच सापडतो. बोल्ट सैल असताना पट्टा लोण्यासारखा येतो आणि आवळला की जाम होतो. खांबाच्या गोलाईवर रिळाची चौकट टेकते, बोल्ट आवळताना ती पिळली जाते आणि आतला रूळ दोन्ही बाजूंना घासू लागतो. उपाय म्हणजे टेकण्याची जागा सपाट करणे. चौकट ठोकून सरळ करणे हा नव्हे. शेवटच्या पाव फेऱ्यात रीळ पान्याबरोबर फिरते याकडेही लक्ष ठेवावे. दुसऱ्या हाताने ते घट्ट धरावे, चौकटीला खुंटी असेल तर ती तिच्या भोकात बसली आहे हे पाहावे, आणि आवळून झाल्यावर कोन पुन्हा मोजावा. मोजून बसवलेले रीळ इथे पाच-सहा अंश सहज सरकते.

जोर पेलणारा पत्रा

कोन आणि वाट दुरुस्त झाली तरी पट्टा ज्या पत्र्याला धरला आहे तो मजबूत नसेल तर सगळे व्यर्थ आहे. पट्ट्याचे बोल्ट जगभर बहुतेक ७/१६ इंच जाडीचे, इंचाला २० आटे असलेले आणि उच्च ताणशक्तीचे असतात. जवळपास त्याच मापाचा साधा १० मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवू नये. आधुनिक मोटारींच्या पट्ट्यांच्या जागा तपासताना वरच्या आणि खालच्या पट्ट्यावर प्रत्येकी सुमारे १३,५०० न्यूटन, म्हणजे जवळपास १,३७५ किलो वजनाइतका जोर लावून पाहतात. कारखान्यात वेल्ड केलेला नट नसलेल्या पातळ पत्र्यातून नुसत्या वॉशरवर धरलेला बोल्ट एवढ्या जोराला पत्रा फाडून बाहेर येईल. मागून पोलादी प्लेट हवीच. मोटार शर्यतींच्या नियमांत पट्ट्यांसाठी ३ मिलिमीटर जाडीची आणि किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट सांगितलेली आहे. ते माप घरगुती कामासाठीही चांगला आधार आहे. प्लेटच्या कडा गोल कराव्यात, नाहीतर त्या कडाच पत्रा कापतात.

छिद्र पाडण्यापूर्वी खालून पाहून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची केबल आणि वायरी कुठून जातात ते निश्चित करावे. दरवाजाखालचा सिल आणि जमिनीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. निरोगी पत्रा खणखणतो. रबरी लेपाखाली गंजलेला पत्रा बद्द वाजतो आणि टोक दाबले तर आत जाते. अशा ठिकाणी आधी नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा, पट्टा नंतर. मागच्या काचेखालच्या फळीवर रीळ ठेवायचे असेल तर तिथे आडव्या जागेसाठी बनवलेलेच रीळ लागते, आणि तो पातळ पत्राही प्लेटशिवाय भरवशाचा नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे असलेली छिद्रे आधी शोधावीत, नवे वेल्डिंग कमीत कमी ठेवावे आणि कामाची छायाचित्रे जपून ठेवावीत.

गोळी काढून टाकू नये

पट्टा फारच अडतो म्हणून रिळाचे झाकण उघडून गोळीच काढून टाकण्याचा उपाय काही मेकॅनिक सुचवतात. एका गॅरेजमध्ये तो माझ्यासमोर सुचवला गेला होता. पट्टा त्यानंतर अर्थातच कधी अडत नाही. पण हातचा ब्रेक तुटला म्हणून गाडी सोपी झाली असे कोणी म्हणत नाही. ज्यांच्या गाडीत दुसऱ्याने काम केले आहे त्यांनी रीळ हलवून गोळीचा आवाज येतो का, हे अवश्य तपासावे. आवाज नसेल आणि कलवूनही पट्टा अडत नसेल तर ते रीळ बदलावे.

काम पूर्ण झाल्यावर दोन वेगवेगळ्या चाचण्या घ्याव्यात, कारण उभ्या गाडीत पट्ट्याला हिसका देऊन पाहिल्याने फक्त दुसरा भाग तपासला जातो. गोळीसाठी गाडी चालवावी लागते. रिकाम्या, सपाट मैदानात ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने जाऊन जोरात ब्रेक लावावा. शेजारी बसलेल्या माणसाने पट्टा लावलेला असावा, डॅशबोर्डवर एक हात टेकवून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने पट्टा सावकाश ओढत राहावे. ब्रेक लागताच पट्टा हातात अडला पाहिजे आणि गाडी थांबल्यावर किंचित सैल सोडताच सुटला पाहिजे. चालकाच्या पट्ट्यासाठी जागा बदलून दुसऱ्याला गाडी चालवायला द्यावी.

या चाचणीत उतरलेले रीळ बेसमेंटच्या उतारावर गाडी लावलेली असताना किंवा घाटातल्या आवळ वळणावर कधी अडले तर तो दोष मानू नये. वळणावर ०.३ पट इतका बाजूचा जोर आला तरी गोळीला तो सुमारे १७ अंशांचा कल वाटतो आणि रस्ताही कललेला असेल तर मर्यादा गाठली जाते. पट्टा पुरता परत जाऊ द्यावा आणि सावकाश ओढावा. सपाट रस्त्यावर, सरळ चालताना, हलक्या ब्रेकला तो अडत असेल तरच पुन्हा ओळंबा काढावा, आणि पुढच्या स्प्रिंगा बसल्यामुळे गाडीचा पुढचा भाग खाली झुकला आहे का हेही तेव्हा पाहावे, कारण गाडी झुकली की रिळाचा कोनही तिच्याबरोबर बदलतो.